साथ, स्टेडियम आणि कॉलेजच्या खेळांचा ताळेबंद : १९१८ ते २०२१

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल (आपला नव्हे, अमेरिकन फुटबॉल) स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार ६०१ माणसं बसतात. आपलं वानखेडे ३३ हजारांच्या आसपासचं, म्हणजे हे त्याच्या तिपटीहून मोठं. त्यात खेळतात ती विद्यापीठातली पोरं. आंतरविद्यापीठ सामन्याला मैदानाच्या कडेला चार मित्र आणि एखादे सर एवढेच प्रेक्षक बघायची सवय असलेल्या आपल्याला हे प्रकरण चटकन उमगत नाही. कोरोनाने अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तिजोरीला एवढं मोठं भगदाड का पाडलं, हे समजायला आधी या खुर्च्या आल्या कुठून ते पाहावं लागतं.

तिथल्या कॉलेज फुटबॉलला साथ नवीन नव्हती. १९१८ च्या हंगामावर 'स्पॅनिश फ्लू' आणि पहिलं महायुद्ध एकाच वेळी येऊन आदळले. खेळाडूंपैकी बरेच जण सैन्यात गेले होते, संघांच्या प्रवासावर बंधनं होती आणि ऑक्टोबरमधले कित्येक सामने जमावबंदीमुळे रद्द झाले. पिट्सबर्ग विद्यापीठाचा हंगाम सुरूच मुळी ९ नोव्हेंबरला झाला आणि तीन आठवड्यांत, पाच सामन्यांत आटोपला. त्यात त्यांनी बलाढ्य जॉर्जिया टेकला ३२-० असं लोळवलं. त्या वर्षीचा जॉर्जिया टेकच्या सामन्याचा एक फोटो २०२० मध्ये खूप फिरला : स्टँडमध्ये माणसं बसली आहेत आणि अनेकांच्या तोंडाला मास्क आहे. १९१९ च्या १ जानेवारीचा 'रोझ बोल' हा हंगामाअखेरचा मानाचा सामना तर कॉलेजांऐवजी नौदल आणि मरीन्सचे संघ खेळले.

एवढं होऊनही १९१८ मध्ये अख्खा हंगाम सोडून देणं विद्यापीठांना परवडण्यासारखं होतं. डोक्यावर मोठी कर्जं नव्हती, प्रक्षेपणाचे करार नव्हते, प्रशिक्षकांचे पगारही आजच्यासारखे नव्हते. सामने झाले नाहीत तर गेटचे पैसे बुडाले, पण खर्चही वाचला.

गोष्ट बदलली ती त्यानंतरच्या दशकात. साथ ओसरली, युद्ध संपलं आणि गर्दी लोटली. ओहायो स्टेटचं स्टेडियम १९२२ मध्ये उभं राहिलं, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियाची १९२३ मध्ये, मिशिगनचं १९२७ मध्ये. मिशिगनचे क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांनी पैसे उभे केले ते रोखे विकून. ५०० डॉलरचा एक, असे ३,००० रोखे. आणि रोखा घेणाऱ्याला दहा वर्षं मोक्याच्या जागेची तिकिटं विकत घ्यायचा हक्क. म्हणजे सामन्याच्या तिकिटाचे पैसे वेगळेच. पुढच्या शंभर वर्षांचं अर्थकारण या एका व्यवहारात दिसतं, असं माझं मत आहे. आजही मोठ्या विद्यापीठांत चांगली खुर्ची हवी असेल तर आधी क्रीडा विभागाला 'देणगी' द्यावी लागते. या देणगीच्या ८० टक्के रकमेवर कित्येक वर्षं करसवलत मिळत होती. २०१७ च्या करकायद्याने ती काढून घेतली. प्रेक्षक आला नाही तर तिकीट जातं, पार्किंग जातं, खाद्यपदार्थांची विक्री जाते आणि त्याच्या मागोमाग ही देणगीही धोक्यात येते.

टीव्हीची कथा याहून गमतीशीर आहे. १९५१ पासून कॉलेज खेळांची नियामक संस्था, एनसीएए, सामन्यांच्या प्रक्षेपणावर कडक मर्यादा घालत होती, कारण लोक घरी बसून सामना बघतील आणि स्टेडियम ओस पडेल ही भीती. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. विद्यापीठं आणि त्यांच्या विभागीय संघटना, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले हक्क विकू लागल्या. पैशाचा ओघ सुरू झाला तसा खर्चही फुगला. फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल कमावणार. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस त्यावर जगणार. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे मुलींना समान संधी देणंही बंधनकारक होतं. मिळालेले पैसे साठवून ठेवायची सवय मात्र फारशी कुणाला लागली नाही.

मग १२ मार्च २०२० उजाडला. एनसीएएने 'मार्च मॅडनेस' रद्द केली. १९३९ पासून पुरुषांची ही बास्केटबॉल स्पर्धा एकदाही चुकली नव्हती, महायुद्धातसुद्धा नाही. विद्यापीठांना वाटायचे ६० कोटी डॉलर २२.५ कोटींवर आले आणि संस्थेचं वार्षिक उत्पन्न ११२ कोटींवरून ५२ कोटींच्या घरात घसरलं. स्पर्धेचा २७ कोटींचा विमा होता म्हणून एवढं तरी निभावलं.

खरी कसोटी फुटबॉलची होती. 'बिग टेन' आणि 'पॅक-१२' या दोन बड्या कॉन्फरन्सनी ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला. विद्यार्थ्यांचं आरोग्य हे कारण होतं आणि ते खरंही होतं. पण महिना-सव्वा महिन्यात, १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला. रोजच्या चाचण्या उपलब्ध झाल्या, हे अधिकृत कारण. टीव्हीच्या पैशांचा विचार कुणाच्या मनात नव्हता असं मानायला मी तयार नाही. बिग टेनचे सामने झाले ते जवळपास रिकाम्या स्टेडियममध्ये, खेळाडूंच्या घरच्यांपुरते. ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाला त्या आर्थिक वर्षात ६ कोटी ३६ लाख डॉलरची तूट आली.

लहान विद्यापीठांचं दुखणं वेगळं. मोठ्या संघाच्या घरी जायचं, मार खायचा आणि त्याचं घसघशीत मानधन घेऊन यायचं, यावर त्यांचं अंदाजपत्रक उभं असतं. केंट स्टेटच्या सामन्यांच्या यादीत त्या वर्षी पेन स्टेट, अलाबामा आणि केंटकी होते. मोठ्या कॉन्फरन्सनी आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी सामने वगळले आणि हे सगळे चेक गेले.

कुऱ्हाड पडली ती न कमावणाऱ्या खेळांवर. स्टॅनफर्डने ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती, फील्ड हॉकीही. आयोवाने मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही पोहणं बंद करायचं जाहीर केलं. बटरफ्लाय शैलीतली, दोन्ही पाय एकत्र मारायची 'डॉल्फिन किक' तिथल्याच तलावात १९३५ च्या सुमारास घडली होती. त्याच २०२० च्या डिसेंबरमध्ये ऑबर्न विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढलं आणि करारापोटी २ कोटी १४ लाख डॉलरवर देणं कबूल केलं. पैसा नव्हता हे अर्धसत्य आहे. तो कुठे अडकलाय हा प्रश्न होता.

स्टॅनफर्डचा मल्ल शेन ग्रिफिथ मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला तो विद्यापीठाचं चिन्ह नसलेला साधा काळा पोशाख घालून. माजी खेळाडूंनी देणग्या आणि खटल्यांचा रेटा लावला आणि मे महिन्यात सगळे ११ खेळ परत आले. आयोवात मुलींनी टायटल नाइनखाली दावा लावून आपलं पोहणं वाचवलं. मुलांचं गेलं ते गेलंच.

खड्डा भरायला 'एसईसी' कॉन्फरन्सने आपल्या १४ सदस्य विद्यापीठांना प्रत्येकी २ कोटी ३० लाख डॉलर दिले, तेही भविष्यातल्या टीव्ही उत्पन्नातून उचल म्हणून. २०२२ मध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. १९५१ मध्ये ज्या टीव्हीपासून गेट वाचवायचं होतं, तोच आता गेट बंद असताना घर चालवणारा झाला. आणि २०२५ पासून न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते कुठून काढायचे यावर बैठका बसल्या, तेव्हा पोहणं, टेनिस आणि जिम्नॅस्टिक्सची नावं पुन्हा निघाली.