जोगलटेंभीची चांदी आणि न दिसलेले ठसे

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली. वर पोचल्यावर भिंती वेगळंच सांगतात. दहाव्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखांत क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता असलेल्या नहपानाचा जावई उषवदात आपल्या नावानिशी बोलतो. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी 3000 कार्षापणं (चांदीची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेवली. 2000 वर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असं व्याज ठरलं, आणि मुद्दल परत मागायचं नाही अशी अट घातली. दगडात कोरलेली ही ठेवीची पावतीच आहे. ‘एका रात्रीत’ म्हणून आपण ज्यांचं श्रेय पुसतो, त्यांत हे विणकर आहेत, पैसे देणारे आहेत आणि वर्षानुवर्षं छिन्नी चालवणारे पाथरवट आहेत.

दुसरा एक गैरसमज मला याहून जास्त खुपतो. लेख वाचणं हा इतिहास, शिल्प पाहणं ही कला आणि धातू तपासणं हे विज्ञान, अशी आपण दहावीनंतरच वाटणी करून टाकतो. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्याला घरचे विचारतात, ‘त्यात संशोधन कसलं?’ नाशिक जिल्ह्यातल्याच एका गावच्या चांदीवरून या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी आहे. तिथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास 1908 मध्ये प्रसिद्ध केला. नाणी 13,000 हून जास्त होती, सगळी मुळात नहपानाची. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती.

नहपानाचं नाणं बोटाच्या पेराएवढं, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठीत त्याचं नाव. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! गौतमीपुत्राने चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी ठोकली, तिच्याखाली नागमोडी रेघ, भोवती स्वतःचं नाव. मागे उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळं. पण जुना ठसा पुरता बुजला नाही. टेकडीच्या कडेला नहपानाचं नाक किंवा केसांची बट अजून दिसते. जे वर ते नंतरचं, हे सांगायला कुठल्याही पोथीची गरज उरत नाही. शिवाय पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं तो सांगतो. दगड आणि चांदी हे दोन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगतात.

कलेचा अभ्यासक याच जागी तिसरी साक्ष आणतो. दहावं आणि तिसरं लेणं आराखड्याने जवळजवळ सारखी आहेत, पण तिसऱ्यातल्या खांबांच्या माथ्याची घंटा आखूड झाली आहे, तिचा डौल उतरला आहे. एका कारागिराच्या हातातलं वळण पुढच्याच्या हातात कसं बदलतं, हे ओळखायला सरावलेली नजर लागते. तीच नजर नाण्यांवरच्या चेहऱ्यांवर फिरली तेव्हा स्कॉट चक्रावले. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा, नाकाची ठेवण निरनिराळी. हा एकच माणूस की एकाच नावाने नाणी पाडणारं घराणं? की वेगवेगळ्या कोरक्यांचे हात? नुसत्या चेहऱ्यांकडे बघून याचा निकाल लागत नाही.

धातूचं थोडक्यात सांगते. क्षकिरणांचा (एक्स-रेचा) मारा केला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं, आणि नाणं न खरवडता त्यातली चांदी किती, तांबं किती हे कळतं. मात्र हे किरण वरच्या पातळ थरातूनच येतात. जमिनीत पडून राहिलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं झिजून गेलेलं असतं, त्यामुळे चांदी खऱ्याहून शुद्ध भासते. चांदी कुठल्या खाणीतली हे विचारायचं तर तिच्यात उरलेलं शिसं त्याहून बोलकं. शिशाची तीन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू), 206, 207 आणि 208, युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून अब्जावधी वर्षं साठत आलेली असतात. 204 मात्र असं वाढत नाही. म्हणून खाणीच्या भूगर्भीय वयाप्रमाणे त्यांची आपसातली प्रमाणं बदलतात, आणि भट्टीत वितळवूनही ती मोडत नाहीत. दोन खाणींची चांदी एकत्र वितळवली असेल तर मात्र माग पुसला जातो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळते: ठशांची मोजणी.

तेव्हा नाणं हाताने पाडत. खालचा ठसा, म्हणजे उलटं चित्र कोरलेला धातूचा साचा, ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा, आणि हातोडा. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठसे हुबेहूब सारखे नसतात. एका ठशाची सगळी नाणी मात्र बारीक ओरखड्यापर्यंत जुळतात. वरच्या ठशावर हातोडा थेट पडतो, म्हणून तो लवकर फुटतो आणि बदलावा लागतो. समजा खालचा ‘अ’ हा वरच्या ‘1’ आणि ‘2’ बरोबर आढळला, आणि खालचा ‘ब’ हा ‘2’ आणि ‘3’ बरोबर. मग 1, 2, 3 अशी साखळी जुळते. ‘2’ वरची भेग ‘अ’ सोबत लहान आणि ‘ब’ सोबत मोठी असेल, तर साखळीची दिशाही कळते. नाण्यावर साल नसताना टांकसाळीच्या कामाचा क्रम हाती लागतो, आणि तो तरुण व म्हातारे चेहरे या क्रमात कुठे बसतात हे तपासता येतं.

पण सापडलेली नाणी म्हणजे पाडलेल्या नाण्यांतला चिमूटभर भाग. न सापडलेले ठसे किती होते? जे दिसलंच नाही ते मोजायचं कसं?

उदाहरणापुरते आकडे घेऊ. 100 नाणी तपासली, 40 वेगवेगळे ठसे निघाले. त्यांतले 12 ठसे एकेकाच नाण्यावर दिसले, 9 ठसे दोन-दोन नाण्यांवर, बाकीचे जास्त वेळा. आता एकशे एकावं नाणं हाती आलं, तर त्यावर अगदी नवा ठसा असण्याची शक्यता किती? उत्तर: सुमारे 12 भागिले 100, म्हणजे 12 टक्के. का? ढिगातलं एक नाणं बाजूला काढा आणि विचारा, उरलेल्या 99 जणांना याचा ठसा नवा वाटला असता का? तो ठसा इतर कुठल्याच नाण्यावर नसेल तरच ‘हो’. शंभरही नाणी अशी पाळीपाळीने बाजूला काढली तर ‘हो’ नेमकं 12 वेळा येईल. आपण आपल्याच नाण्यांना ‘पुढचं नाणं’ व्हायला लावलं, आणि अज्ञाताचा अंदाज ज्ञातातून बाहेर आला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन गुप्त संदेश उलगडताना गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना ही कल्पना सुचली. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी ती 1953 मध्ये प्रसिद्ध केली.

इथे एक पायरी जपून चढावी लागते. 12 टक्के हा न दिसलेल्या ठशांनी पाडलेल्या नाण्यांचा वाटा झाला, ठशांची संख्या नव्हे. थोडीच नाणी पाडून फुटलेले ठसे त्या वाट्यात कितीही लपलेले असू शकतात. संख्येची फक्त खालची मर्यादा सांगता येते. एकदा दिसलेल्यांचा वर्ग करायचा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागायचं: 144 भागिले 18, म्हणजे 8. एकूण ठसे निदान 48 तरी असावेत. ॲन चाओ यांनी 1984 साली मांडलेलं हे सूत्र जंगलातल्या प्रजाती मोजणारे रोज वापरतात. या कुळातलं गणित 1943 मध्ये मलायातल्या फुलपाखरांसाठी मांडलं गेलं. 1976 मध्ये एफ्रॉन आणि थिस्टेड या संख्याशास्त्रज्ञांनी तसल्याच गणिताने विचारलं, शेक्सपिअरला ठाऊक असलेले पण त्याने न वापरलेले शब्द किती? फुलपाखरं, नाटकं, नाणी. सामग्री निराळी, प्रश्न तोच. म्हणून विद्याशाखांच्या भिंती मला पटत नाहीत.

पुन्हा ठोकलेल्या नाण्यांत तर ठशांचे दोन थर एकावर एक असतात. सातकर्णीच्या एकाच ठशाखाली नहपानाचे नाना ठसे मिसळलेले निघाले, तर ती नाणी बाजारात हातोहाती फिरून गोळा झालेली. नहपानाच्या एकाच ठशाची नाणी गठ्ठ्याने निघाली, तर ती खजिन्यातून जशीच्या तशी उचललेली असण्याचा संभव जास्त. राज्य जिंकल्यावर पैसा नेमका कुठून आला, या प्रश्नाला असा हात घालता येतो. न वितळवता वरून ठोकण्यातही हिशेब होता. इंधन वाचलं, भट्टीतली तूट टळली आणि हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचं चिन्ह घरोघरी पोचलं. आधी ठोकलेली चांदी कडक झालेली असते. ती लाल तापवून मऊ केल्याशिवाय नवा ठसा नीट उठत नाही, हे जुन्या नाशकातल्या कुठल्याही तांबटाला सांगावं लागणार नाही.

या पद्धतीच्या नावाखाली फुगवलेले दावेही होतात. इतके ठसे, म्हणून इतकी लाख नाणी, म्हणून इतकं श्रीमंत राज्य! एका ठशातून किती नाणी निघत याचे अंदाज काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत पसरलेले आहेत. एवढ्या सैल आकड्याने गुणल्यावर आलेल्या उत्तराचा मथळा करू नये.

त्याहून मोठं नुकसान गुप्तधनाच्या वेडापायी होतं. अमावास्येला पूजा मांडून, कुणा मांत्रिकाच्या सांगण्यावरून जुनी टेकाडं खणली जातात. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. आणि जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं 1878 च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. नाग राखण करत बसलेला नसतो. असते ती माहिती, आणि फावड्याच्या घाईत तीच आधी मोडते.

आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी, 1980 पासून नाण्यांच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात. पैशाच्या इतिहासासाठी नाशिककराला लांब जायला नको.

शेतात नाणी निघालीच तर चिंच-लिंबाने घासू नका, धातूच्या तपासणीचा वरचा थर त्याने जातो. आणि निवडू नका. हौशी माणूस वेगळं दिसणारं नाणं खिशात टाकतो, एकसारखी दिसणारी, झिजलेली, तुटकी सोनाराकडे जातात. मागे उरलेल्या संग्रहात एकेकदाच दिसणारे ठसे भरमसाट वाढतात. वरच्या गणितातला 12 चा आकडा 30-40 वर जातो आणि न दिसलेल्या ठशांचा अंदाज पार बिघडतो. संख्याशास्त्राला सुंदर नाणं नको असतं. त्याला सगळा साठा लागतो, गाडग्याच्या खापरांसकट.