तेलाच्या थेंबाला वेळ हवा: किनाऱ्यावरच्या खानावळी आणि ग्रीस ट्रॅप

भांडी कढत पाण्याने आणि भरपूर साबणाने धुतली की तेल विरघळून निघून जाते, असा समज मालवण, गुहागर, हर्णै या पट्ट्यातील खानावळींच्या मोऱ्यांपाशी सर्रास ऐकू येतो. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणारी टाकी, बसवूनही त्यातून तेलकट पाणी बाहेर पडण्यामागे बऱ्याचदा हाच समज असतो, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाण्यातील तेल व ग्रीसचे प्रमाण सार्वजनिक गटारात किंवा किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडताना लिटरमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा, तर नदी-ओढ्यात किंवा सिंचनासाठी जमिनीवर सोडताना 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा किती कडक आहे पाहा: मोरीत ओतलेले एक लिटर तेल 20 मिलिग्रॅमच्या पातळीवर आणायला सुमारे 45,000 लिटर पाणी लागेल.

ग्रीस ट्रॅप म्हणजे पाण्याला काही काळ थोपवून धरणारी, पडदे घातलेली टाकी. पाण्यापेक्षा हलके तेल वर येते, खरकटे तळाशी बसते आणि बाहेर जाणारा नळ तवंगाच्या बराच खालून पाणी घेत असल्यामुळे तवंग आतच अडतो. परंतु तेल वर येते एवढ्याने भागत नाही. ते किती वेगाने येते, यावर सारे अवलंबून असते. जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार लहान थेंबाचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण, घनतांमधील फरक आणि व्यासाचा वर्ग यांचा गुणाकार, भागिले पाण्याच्या श्यानतेची (घट्टपणाची) अठरापट. यातील ‘वर्ग’ निर्णायक आहे. 100 मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 0.44 मिलिमीटर वेगाने चढतो आणि 60 सेंटिमीटर खोलीचे अंतर साधारण 23 मिनिटांत कापतो. व्यास दहापट कमी केला की वेग शंभरपट घटतो, आणि तेच अंतर कापायला 10 मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे 38 तास लागतात. अर्ध्या तासात पाणी पुढे सोडणाऱ्या टाकीत असा थेंब अडणे शक्यच नाही.

साबण नेमके हेच करतो. त्याचे रेणू थेंबांभोवती आवरण घालतात, थेंब बारीक राहतात, पुन्हा एकत्र येत नाहीत आणि ट्रॅप ओलांडून जातात. कढत पाण्यामुळे वितळलेली चरबीही पुढे नळात थंड होऊन थिजते. खोबरेल तर 24 अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठते, म्हणजे जानेवारीच्या पहाटे ते नळाच्या भिंतींना धरून बसणारच. नारळाचे दूध आणखी अवघड, कारण ते मुळातच प्रथिनांनी धरून ठेवलेल्या बारीक थेंबांचे पायस (इमल्शन) असते. उकळलेल्या रश्श्यात ते काही अंशी फुटून तेल सुटते. सोलकढीत मात्र ते न उकळता वापरले जाते. त्यामुळे उरलेली सोलकढी आणि ताटातला रस्सा मोरीत न ओतता ओल्या कचऱ्यात काढणे, आणि ताटे-तवे धुण्यापूर्वी पुसून घेणे, हा ट्रॅपइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

‘ही पावडर टाका, टाकी उपसावीच लागणार नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या विकर-मिश्रणांवर (एन्झाइमच्या पावडरींवर) विसंबू नये. लायपेज हे विकर तेलाचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते. ती पाण्याबरोबर पुढे जाऊन कॅल्शियमशी संयोग पावली की नळात घट्ट, साबणासारखे थर जमतात. तेल नाहीसे झालेले नसते, केवळ पुढच्या नळात गेलेले असते.

कोकणातील बहुतेक गावांत भूमिगत गटारे नाहीत. पाणी शोषखड्ड्यात जाते, तिथे ग्रीसमुळे मातीची छिद्रे बुजतात आणि पावसाळ्यात भूजल वर आले की घाण पाणी अंगणात उभे राहते. जिथे जांभ्याला भेगा आहेत, तिथे तेच पाणी जवळच्या विहिरीपर्यंतही पोहोचू शकते.

तळणीचे तेल ट्रॅपमध्ये येताच कामा नये. 1 जुलै 2018 पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे घटक) 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यासाठी वापरण्यास मनाई आहे. असे तेल डब्यात साठवून बायोडिझेलसाठी नेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे. टाकीतील तवंग आणि गाळ मिळून एकूण खोलीच्या एक चतुर्थांश झाले की ती उपसावी, हा अनेक देशांत वापरला जाणारा निकष इथेही चालतो. नाताळ ते नववर्षाच्या गर्दीत पाण्याचा ओघ दुप्पट झाला, तर थेंबाला मिळणारा वेळ निम्मा होतो, म्हणून त्या आठवड्यात पट्टी बुडवून थराची जाडी रोज मोजावी आणि उपसल्याची तारीख वहीत लिहावी.