सगळ्यालाच 'चिप': बेळगाव भागातल्या थार-जीपच्या ट्यूनिंगची पार्श्वभूमी

जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना, ऐन जुलैत, लाल चिखलातून एखादी थार काळा धूर सोडत वर चढली की बघणाऱ्यांतला कुणीतरी म्हणतोच, "चिप बसवलीया बघ." बसवलेली वस्तू चिप नसते. बहुतेक वेळा ती वायरिंगच्या मध्ये घातलेली एक डबी असते. कधी लॅपटॉप लावून बदललेलं सॉफ्टवेअर असतं, तर कधी नुसती ॲक्सिलरेटरच्या पेडलला जोडलेली बटणांची पट्टी. गाडी जुनी असेल तर इलेक्ट्रॉनिक असं काहीच नसतं, पंपाचा स्क्रू फिरवलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात या चारही गोष्टींना शब्द मात्र एकच. गॅरेजमधली भांडणं, वॉरंटीवरून होणारे वाद, आरटीओच्या दारातली उत्तरं यांत हा शब्द इतका गोंधळ घालतो की आधी तोच सोडवायला हवा.

सुरुवात पंपापासून करावी लागते. महायुद्धानंतरच्या विलीज आणि लष्करी लिलावातल्या जीपा इथं कँप भागामुळं नव्या नव्हत्या, पण त्या पेट्रोलच्या. ताकद वाढवायचा खेळ सुरू झाला तो डिझेलवर आणि पोटासाठी. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, कमांडर आणि ट्रॅक्स गाड्या आठ-दहा जणांच्या जागेत वीस जण घेऊन चंदगड, जांबोटीचे चढ चढायच्या. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लागायच्या. "वढंना झालीया, पंप जरा वाढवून द्या की वो मेस्त्री," ही त्या काळातली ट्यूनिंगची ऑर्डर. इंजिनाच्या डिझेल पंपावर जास्तीत जास्त किती इंधन जाईल ते ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखाना तो बसवून वर तारेनं शिशाचं सील मारतो. मेस्त्री ते सील कापून पाव आटा, फार तर अर्धा आटा द्यायचे आणि गाडी खरंच ओढायची. इंजिनाला टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, नाही, हवा तेवढीच, मग जादा डिझेल अर्धवट जळून काळ्या धुरातून बाहेर. उष्णता वाढून हेड गॅसकेट जायचं, पिस्टनचं डोकं भाजायचं. पण गाडी रोज पैसे आणत होती, त्यामुळं हिशोब बसत होता.

हे एवढ्यासाठी सांगायचं की कारखान्यानं ठरवलेली ताकद म्हणजे देवाची रेघ, असं इथं कुणी कधीच मानलं नाही. ट्यूनिंग हे शहरी पोरांचं नवं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी ऊस ओढणारा ट्रॅक्टर मागून बघावा.

मग स्क्रू गायब झाला. डिझेल अतिउच्च दाबानं एका समाईक नळीत साठवायचं आणि किती, कधी फवारायचं ते संगणकानं ठरवायचं, ही कॉमन रेल पद्धत प्रवासी गाडीत १९९७ साली युरोपात आली. आपल्याकडं स्कॉर्पिओला ती २००५ साली मिळाली. २०१० साली थार आली तेव्हा एकाच नावाखाली दोन जगं विकायला होती. एक ६३ हॉर्सपॉवरची डीआय, जुन्या ओळखीची. दुसरी सीआरडीई, म्हणजे कॉमन रेलची, अडीच लिटर, १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ न्यूटन मीटर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींनी पहिल्यांदा सीआरडीईचं बॉनेट उघडून पंपाला हात लावला आणि विचारलं, "स्क्रू कुठाय?" तो नव्हताच. त्यांचा अख्खा हुन्नर त्या दिवशी ईसीयू नावाच्या बंद पेटीत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, गेला.

उद्यमबाग आणि मच्छे म्हणजे फाउंड्री आणि लेथचा मुलूख. बंपर, विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा) पाट, स्प्रिंगांचे शॅकल, स्नॉर्कल (पाण्याच्या वरून इंजिनाला हवा देणारी नळी), काय पाहिजे ते इथं घडवून मिळतं आणि चांगलं मिळतं. ईसीयू लेथवर चढत नाही. म्हणून ताकद वाढवायचं काम पहिल्यांदाच गावाबाहेरून, कुरिअरनं यायला लागलं. सोबत 'चिप' हा शब्द आला.

हा शब्द उधारीचा आहे. १९८०च्या दशकात पेट्रोल इंजिनांचे संगणक आपला नकाशा, म्हणजे कोणत्या वेगाला आणि कोणत्या भाराला किती इंधन द्यायचं याचा तक्ता, एका सुट्या मेमरी चिपमध्ये ठेवायचे. परदेशातले ट्यूनर ती चिप सॉकेटमधून उपसून दुसरी बसवायचे. ते खरंखुरं 'चिपिंग'. पुढं मेमरी पुसून पुन्हा लिहिता यायला लागली, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधूनच, म्हणजे गाडी तपासायला स्कॅनर जोडतात तिथूनच, नकाशा बदलता येऊ लागला आणि उपसायला चिप राहिलीच नाही. बेळगावात हा प्रकार पोचेपर्यंत खरी चिप इतिहासजमा झाली होती. शब्द तेवढा उरला आणि जे हाताला लागेल त्याला चिकटला.

पहिली चिकटली ती डबी, म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. काडेपेटीच्या दोन-तीन पट आकार, दोन तोंडांची वायर. रेलच्या दाबाच्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा, मध्ये डबी लावायची. सेन्सर दाबाप्रमाणं साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टचा इशारा ईसीयूला देतो. डबी तो इशारा वाटेत थोडा कमी करते. रेलमध्ये दाब असतो समजा १,४०० बार, ईसीयूला दिसतो १,३००. ईसीयू म्हणतो दाब कमी पडला, आणि पंपाला वाढवायला सांगतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब जास्त म्हणून डिझेल जास्त जातं. सरळ भाषेत सांगायचं तर डबी ईसीयूशी खोटं बोलते. मेस्त्रींना हे समजावल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाव आटाच की." बरोबर. फरक एवढाच की इथं टर्बो असल्यामुळं हवा थोडीफार साथ देते आणि धूर तितका होत नाही.

दुसरा प्रकार रिमॅप. यात खोटं नाही, ईसीयूचा तक्ताच बदलतात. इंधनाबरोबर टर्बोचा दाब आणि फवाऱ्याची वेळही जुळवता येते, त्यामुळं काम नीट असेल तर डबीपेक्षा कितीतरी सफाईदार. पण नीट म्हणजे गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, चढवून, धूर आणि उष्णता बघून. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीची फाइल पेनड्राइव्हवरून ओतून दिली तर तो रिमॅप नव्हे, लॉटरी. शिवाय अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा लिहिलं गेलं त्याचा आकडा जपून ठेवतात, म्हणजे माग राहतो. डबी सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री काढून कपाटात ठेवता येते. इथं डबी जास्त खपली त्याचं कारण तांत्रिक कमी आणि हे जास्त, असं माझं मत आहे.

तिसरा प्रकार पेडल बॉक्स. हा इंजिनाला हातच लावत नाही. पाव पेडल दाबलं तर ईसीयूला अर्धं दाबलंय असं सांगतो. पूर्ण दाबल्यावर गाडी जेवढी आधी पळायची तेवढीच पळते. तरी "चिपनं गाडी उडालीया" असं शपथेवर सांगणारे बरेचसे लोक हाच बसवून बसलेत. चिखलात तर उलटं होतं. पाय हलका ठेवायचा असतो तिथं गाडी हिसका देते, चाक फिरतं आणि खड्डा खोल होतो.

मागणी आली कुठून याचा उगम मात्र इंजिनात नाही, टायरात आहे. २०१० च्या थारला २३५/७० आर १६ टायर यायचे, उंची सुमारे २९ इंच. हौसेनं ३३ इंची चढवले की चाकाचा घेर १४ टक्क्यांनी वाढतो. गिअर तेच राहतात, म्हणून चाकावरची ओढ साधारण १२ टक्क्यांनी घटते, वर टायरचं वजन वेगळं. मग गाडी मेल्यासारखी वाटते आणि माणूस चिप शोधायला लागतो. विक्रेते वीस-पंचवीस टक्के वाढीचे आकडे सांगतात. तो आकडा खरा धरला तरी त्यातला अर्धाअधिक हिस्सा टायरानं खाल्लेलं भरून काढण्यातच जातो. त्यातही डबीचा परिणाम टर्बो जागा झाल्यावर. बाराशे-तेराशे आरपीएमवर दगडातून सरपटताना डबी असून नसल्यासारखी, तिथं लो गिअर आणि टायरमधली कमी केलेली हवाच उपयोगी. मोठ्या टायरला खरा उतारा म्हणजे डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकांच्या आधीच्या शेवटच्या गिअरचं प्रमाण, बदलणं. ते महाग आणि मेहनतीचं, डबी दहा मिनिटांत बसते.

मलेशियात १९९७ पासून भरणारी पावसाळी जंगलातली ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा २०१४ साली गोव्यात आली. चोर्ला घाट उतरलं की गोवा, त्यामुळं इथली पोरं ती बघायला गेली आणि परत आल्यावर विंच, स्नॉर्कल आणि चिप हे तीन शब्द एका दमात म्हणायला लागली. स्पर्धेतल्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरून जातात, आपली सोमवारी पोरांना शाळेत सोडते. हा फरक त्या उत्साहात जरा मागं पडला.

त्या दिवसांत मीही सीआरडीईवर एक डबी बसवली होती, विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून वरच्या सेटिंगवर. गोव्यातल्या साखळी गावाकडून चोर्ला चढताना, गाडीत पाच जण आणि टपावर सामान, एका वळणावर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी बैलगाडी झाली. लिंप मोड, म्हणजे बिघाड दिसला की ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो ती अवस्था. स्कॅनरनं नंतर दाखवला तो कोड पी ००८७, रेलचा दाब कमी. दाब कमी नव्हताच. डबी कमी सांगत होती, ईसीयू वाढव म्हणत होता आणि पंप आपल्या शेवटाला पोचला होता. भर पावसात एकानं छत्री धरली, मी डबी उपसली, मूळ कनेक्टर लावताना त्याची प्लास्टिकची पकड मोडली. पुढं वर्षभर ती केबल टायनं बांधलेली होती.

कायद्याचा भाग इथंच येतो, कारण 'काय बसवलंय' याचं उत्तर शब्दावर ठरतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्यानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून दुरुस्ती लागू झाली. मान्य नसलेल्या प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायर, बुल बार, दिवे हे डोळ्यांना दिसतात. डबी दिसत नाही. डबीवाल्यांचा युक्तिवाद असा की ती काढता येते, गाडी कायमची बदललेली नाही. मला तो पटत नाही. चालू असताना गाडी जी आहे ती कागदावरची नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेवढंच विचारणार. पण दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये निर्माता स्वतःच २.२ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या मॉडेलात १३२ आणि वरच्यात १७५ पीएसच्या ट्यूनमध्ये विकतो. ताकद सॉफ्टवेअरच्या किल्लीत असते हे गिऱ्हाइकाला त्यानंच शिकवलं, मग किल्ली हातात घेतली म्हणून ओरडायचं, यात थोडा दुटप्पीपणा आहेच.

रविवारची फेरी बेळगाव, चंदगड, आंबोली, गोवा आणि चोर्लावरून परत अशी झाली तर दिवसभरात तीन राज्यं होतात. कायदा केंद्राचा, एकच. पण केए २२ गाडी महाराष्ट्रात अडवली की आधी नंबर प्लेट बघतात, बॉनेटपर्यंत फारसं कुणी जात नाही. धुराची तपासणी म्हणाल तर जुन्या डिझेलला ६५ आणि बीएस ४ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना ५० एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप) ही मर्यादा, आणि पीयूसीला जाताना डबी शून्यावर फिरवलेली असते.

१ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि चित्र पुन्हा बदललं. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरलं, सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा डीपीएफ बसला. जादा डिझेल म्हणजे जादा काजळी. पूर्वी ती मागच्या गाडीच्या काचेवर जायची, आता आपल्याच फिल्टरमध्ये साठते आणि दिवा पेटतो. त्याच वर्षीच्या नव्या थारला डिझेलवर १३० हॉर्सपॉवर आणि ३०० न्यूटन मीटर कारखान्यातूनच मिळाले, म्हणजे जुन्या सीआरडीईला डबी लावून जिथं पोचायची स्वप्नं होती तिथं ही शोरूममधून निघते. गरज कमी झाली, हौस नाही. डीपीएफच काढून टाकून त्याची नोंद ईसीयूतून पुसायची, असली कामंही आता 'चिप' याच नावाखाली विचारली जातात. ती कायद्यानं आणि फुफ्फुसानं दोन्हीकडून वाईट.

स्क्रू शोधणाऱ्या त्या मेस्त्रींनी आता स्कॅनर घेतलाय. टेबलाच्या खणात सात-आठ डब्या पडून असतात, गाडी विकताना लोकांनी काढून दिलेल्या. कुणी जुन्या सीआरडीईसाठी विचारलं की ते प्लगची पिन जुळवून एखादी काढून देतात, सेटिंग मधल्यावर ठेवतात आणि वर एक केबल टाय फुकट देतात. बीएस ६ ला त्यातली एकही बसत नाही.