गॅस कमी की हवेची गळती? मोटरहोमच्या छतावरच्या एसीची दोन दुखणी

एसी चालू आहे पण गार होत नाही, असं कळलं की आपल्याकडच्या माणसाचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस भरून घ्या." घरच्या स्प्लिट एसीत ते पुष्कळदा खरंही निघतं. त्याच्या तांब्याच्या नळ्या घरात आणून जोडलेल्या असतात आणि गळती बहुधा त्या जोडांतच सापडते. अमेरिकेतल्या मोटरहोमला, म्हणजे आत घर थाटलेल्या गाडीला, हेच निदान लावलं तर मात्र पैसे वाया जायची शक्यता जास्त.

तिथला छतावरचा एसी म्हणजे आडवा निजवलेला विंडो एसी. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल (एक गार, एक गरम) आणि पंखा एकाच खोक्यात, नळ्या कारखान्यातच झाळलेल्या. गॅस भरायला सहसा व्हॉल्व्हच नसतो. त्यामुळे गॅस जाण्याच्या जागा कमी आणि हवा चुकीच्या वाटेने जाण्याच्या जागा भरपूर. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात: मशीन दिवसभर घरघरतं आणि आतली माणसं घामाघूम. थर्मामीटर लावला की ती वेगळी होतात.

आधी हवेची वाट समजून घ्या. छताला साधारण 14 बाय 14 इंचांचं चौकोनी भोक असतं. त्याच्या मधोमध पत्र्याची किंवा फोमची एक आडभिंत असते. एका कप्प्यातून गाडीतली गरम हवा वर ओढली जाते, ती रिटर्न. दुसऱ्या कप्प्यातून थंड हवा छताच्या पोटातल्या डक्टमध्ये (हवेच्या बोगद्यात) आणि तिथून व्हेंटपर्यंत, म्हणजे हवा बाहेर पडायच्या तोंडापर्यंत, जाते, ती सप्लाय. ही आडभिंत गाडी बनवताना अनेकदा घाईत बसवलेली असते आणि तिच्या कडेला बोटभर फट सापडणं अजिबात नवलाचं नाही. त्या फटीतून थंड हवा व्हेंटकडे न जाता पुन्हा रिटर्नमध्येच शिरते. एसी मग स्वतःलाच गार करत बसतो.

तपासायला स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर पुरतो. फिल्टर धुऊन वाळवून बसवा, पंखा हायवर ठेवा, एसी 20 ते 30 मिनिटं सलग चालू द्या. मग एक माप रिटर्नच्या जाळीपाशी घ्या आणि दुसरं सर्वांत जवळच्या व्हेंटच्या तोंडाशी. दोन्हींत 16 ते 22 अंश फॅरनहाइट, म्हणजे 9 ते 12 अंश सेल्सिअस फरक असेल, तर मशीन आपलं काम करतंय. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो.

गंमत पुढे आहे. गॅस कमी असेल तर हा फरक घटतो: जाळीपाशी 84 अंश फॅरनहाइट, व्हेंटपाशी 76. थंड हवा रिटर्नमध्ये गळत असेल तर तो उलट वाढतो: जाळीपाशी 84 आणि व्हेंटपाशी 56, कारण कॉइलला आधीच गार झालेली हवा मिळत राहते. म्हणजे व्हेंटमधून येणारी हवा बर्फासारखी पण वारा मंद, असं असेल तर खूश होऊ नका. गार कॉइल शून्य अंश सेल्सिअसखाली जाऊन त्यावर बर्फ धरतो आणि वारा आणखी कमी होतो. फिल्टर तुंबला किंवा "एकाच खोलीत जास्त गार" म्हणून बाकीचे व्हेंट बंद केले, तरी हेच होतं. बर्फ दिसला तर कॉम्प्रेसर बंद करून फक्त पंखा तासभर हायवर चालवा. सुरीने खरवडू नका, कॉइलची नळी फुटली तर मग खरोखरच गॅस जाईल.

तिसरी शक्यताही असते. जवळच्या व्हेंटपाशी फरक बरोबर, पण बेडरूमच्या टोकाला नुसती कोमट झुळूक. इथे हवा रिटर्नमध्ये नव्हे, छताच्या पोकळीत गळतेय. शेवटच्या व्हेंटच्या पुढेही डक्ट अनेकदा तशीच मोकळी सोडलेली असते. तिथे फोमचा ठोकळा कापून घट्ट बसवला की टोकाच्या व्हेंटला जोर येतो.

आडभिंतीची दुरुस्ती हातानं होते. आधी जनरेटर बंद, बाहेरच्या विजेची केबल काढा, कारण आत 120 व्होल्ट आहेत. रिटर्नची जाळी उतरवा, टॉर्च मारा, हात पोचत नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा घाला. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या करा, मोठी फट फोमच्या पट्टीने भरा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावून जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबून घासा. करड्या कापडी डक्ट टेपला नाव डक्टचं असलं, तरी उष्णतेत तिचा गोंद सुटतो आणि लोंबणारं टोक पंख्याकडे जातं. टेप लावून झाल्यावर वीज पुन्हा जोडा, पंखा लावा आणि तारांना न शिवता कोरडा तळहात रिटर्नच्या कप्प्यात आडभिंतीलगत फिरवा. कुठे फुंकर लागली तर तिथे अजून फट आहे. गाडी भाड्याची असेल तर यातलं काहीच उघडू नका, दोन मापं लिहून मालकाला कळवा.

फरक खरोखरच कमी आला, तरी लगेच गॅसवर जाऊ नका. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं धरून वीजप्रवाह मोजणारं यंत्र) लावा. 13,500 बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनापेक्षा थोडा लहान एसी उन्हात साधारण 12 ते 14 ॲम्पिअर घेतो. दोन-तीनच दिसत असतील तर नुसता पंखा फिरतोय, बहुधा कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेलाय. त्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनचं. नेहमीपेक्षा जास्त ॲम्पिअर दिसले तर वरचं कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारी गरम कॉइल, धुळीने बुजलंय किंवा कॅम्पग्राउंडचा (गाडी मुक्कामाला लावून वीज घ्यायच्या जागेचा) व्होल्टेज 105 च्या खाली गेलाय. कॉम्प्रेसर चालू, कॉइल स्वच्छ, व्होल्टेज ठीक आणि तरी ॲम्पिअर निम्मेच, तेव्हा गॅस गेल्याचा संशय धरावा.

तेव्हासुद्धा नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह झाळण्यापेक्षा बहुतेक जण अख्खं युनिटच बदलतात. छताचं भोक ठरलेल्या मापाचं असल्याने ते सोपंही जातं. चार बोल्ट आळीपाळीने आवळा, खालचं फोमचं गॅस्केट सगळीकडे सारखं दबून अर्ध्या इंचावर आलं की थांबा. जास्त आवळलं तर छत वाकतं, कमी आवळलं तर पाणी गळतं. आणि जाळी लावण्याआधी आडभिंत पुन्हा टेपने बंद करा, नाहीतर नवा एसी लावूनही गाडी गार होणार नाही आणि पुन्हा कुणीतरी "गॅस कमी" म्हणेल.