गायरीतली वाफ आणि फडातले पाचट

शाळेच्या भिंतीवरील अन्नसाखळीच्या तक्त्यात भाताचे रोप, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार असे क्रमाने काढलेले असते आणि खाली उरलेल्या कोपऱ्यात एखादी अळंबी रेखाटून तिच्याजवळ ‘विघटक’ असा शब्द लिहिलेला असतो. तक्ता चुकीचा नाही, पण त्यातली प्रमाणे फसवी आहेत. जंगलात तयार होणाऱ्या एकूण पाल्यापैकी किडे, हरणे, गवे आणि इतर शाकाहारी प्राणी मिळून जिवंतपणी खातात तो वाटा बहुतेक ठिकाणी 10 टक्क्यांच्या आसपासच भरतो. बाकीचा सगळा पाला गळून पडतो आणि विघटकांच्या तोंडी जातो. म्हणजे ज्याला आपण साखळीचा शेवट समजतो, तोच तिचा सर्वांत रुंद रस्ता आहे.

या रस्त्याने जाणाऱ्या दोन गोष्टींचे नशीब वेगवेगळे असते. पानाने सूर्यप्रकाशातून साठवलेली ऊर्जा प्रत्येक टप्प्यावर उष्णता होऊन निघून जाते आणि ती परत येत नाही, तर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) मात्र जमिनीतून पानात, पानातून पुन्हा जमिनीत असे फिरत राहतात, अर्थात कोणी ते पान सोडवून दिले तरच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हे फार स्पष्ट दिसते. तिथली तांबडी, जांभ्याची माती पावसाने इतकी धुऊन निघते की तिच्यात स्वतःचे असे फारसे अन्न शिल्लक राहत नाही, तरीही तिच्यावर घनदाट रान उभे आहे, कारण त्या रानाचे भांडवल मातीत कमी आणि झाडांत व पाचोळ्यात जास्त असते.

श्रावणात तिथला पाचोळा हाताने थरथराने उचलून पाहावा. वरचे पान ओले पण अखंड असते. त्याखालच्या पानाचा मांसल भाग गेलेला असून शिरांची जाळी तेवढी उरलेली असते, आणि त्याच्याही खाली ओळखू न येणाऱ्या काळपट भुग्यातून पांढरे, सुतापेक्षा बारीक धागे गेलेले दिसतात. पान कुरतडून बारीक करण्याचे काम वाळवी, गांडुळे आणि सहस्रपाद किडे करतात, पण खरी मोडतोड त्या पांढऱ्या धाग्यांची, म्हणजे बुरशीची, आणि तिच्या जोडीला असणाऱ्या जिवाणूंची असते. त्यांना तोंड नाही, पोट नाही. ते पाचक द्रव्ये शरीराबाहेर सोडतात, पान बाहेरच पचवतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पूर्ण फोडणे तर काही मोजक्या बुरशींनाच साधते. पावसाळ्याच्या तोंडाला वारुळांवर उगवणारी आणि बाजारात हातोहात संपणारी अळंबी याच कारभाराचे फळ आहे: वाळवी चावलेला पालापाचोळा वारुळात रचून त्यावर बुरशीची शेती करते आणि ती बुरशी वर डोके काढते तेव्हा आपण तिची भाजी करतो.

रानात जे वर्षभर पसरून चालते, ते गावात एका खड्ड्यात दाटीने चालते. आमच्याकडे शेणखताच्या या खड्ड्याला गायरी म्हणतात. थंडीतल्या पहाटे गायरी उकरली की आतून वाफ येते, कारण असंख्य जिवाणू एकाच वेळी जेवत असतात आणि त्यांच्या श्वसनाची उष्णता ढिगात कोंडते. चांगल्या रचलेल्या ढिगाचे तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्यात तणांचे बी व बरेच रोगजंतू मरतात. पण ढीग चांगला रचणे म्हणजे काय, याचे उत्तर जिवाणूंच्या आहारात आहे. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे, म्हणजे कार्बनचे, सुमारे 8 भाग असतात, आणि आणखी सुमारे 16 भाग कर्ब तो ऊर्जेसाठी जाळतो. म्हणून 24 भाग कर्बामागे 1 भाग नत्र मिळाले की त्याचे जेवण नीट होते. शेण या प्रमाणाच्या जवळपास असते. भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, कर्ब फार आणि नत्र थोडे. नुसते पिंजर वर्षभर तसेच पडून राहते आणि शेणात मिसळले की खाली बसते, ते या हिशेबामुळे.

हाच हिशेब चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणीकडच्या उसाच्या फडात चुकतो आणि दोष मात्र पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याला, दिला जातो. एक टन वाळलेल्या पाचटात कर्ब सुमारे 450 किलो आणि नत्र साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे प्रमाण जवळजवळ शंभरास एक. असे पाचट मातीत मिसळले की जिवाणूंना नत्र कमी पडते, ते मातीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, काही आठवडे पिवळा पडतो. हे नत्र नाहीसे झालेले नसते. ते जिवाणूंच्या शरीरात अडकलेले असते, आणि कर्ब संपत आला, जिवाणू मरू लागले की अमोनियाच्या रूपाने सुटते. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि मुळे ते उचलतात. तोपर्यंतची उसनवारी भागवण्यासाठीच दर टन पाचटामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस केली जाते.

पेटवलेल्या फडात हा सगळा व्याप टळतो, हे खरे. पिवळेपणा नाही, पाणी द्यायला अडथळा नाही, आणि राखेत स्फुरद-पालाश बऱ्यापैकी उरतो. मात्र नत्र जवळजवळ सगळेच धुरासोबत जाते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. 8 टनच धरले तरी नत्र सुमारे 36 किलो होते, आणि 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र जेमतेम 21 किलो असते. एका काडीने पावणेदोन पोती जळतात, आणि कर्ब जळतो तो वेगळाच. मराठीत खत म्हणा की कानडीत गोब्बर म्हणा, दोन्ही भाषांनी शेणखताला आणि युरियाला एकच शब्द वापरून थोडा घोटाळा केला आहे असे मला वाटते. युरिया हे पिकाचे जेवण आहे. शेणखत आणि पाचट हे आधी जिवाणूंचे जेवण आहे आणि त्यांच्या पंगतीतून पिकाचे.

राहिला प्रश्न पाण्याचा. जिल्हा एकच, पण कणकुंबीला अथणीच्या कितीतरी पट पाऊस पडतो. ओल नसेल तर बुरशी निपचित पडते, आणि ओल इतकी झाली की हवाच कोंडली तर वेगळेच जिवाणू कामाला लागून मिथेन सोडतात, जसे पाणी तुंबलेल्या भातखाचरात होते. अथणीच्या काळ्या रानात सरीत पसरलेले पाचट वरून उन्हात कडकडीत वाळलेले असते, पण पाणी दिल्यावर चार-सहा दिवसांनी ते वीतभर उचलले तर खालची माती अजून ओलसर लागते, आणि मातीला टेकलेल्या पात्यांवर तेच पांढरे धागे पसरलेले असतात.