‘सहा महिन्यांत आलं ते आलं’ हे खरं नव्हे

मेंदूला जबर मार बसलेल्या माणसाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: सहा महिन्यांत जे परत आलं ते आलं, आता खेळबिळ विसरा. यात अर्धसत्य एवढंच, की सुरुवातीचे महिने सुधारणा झपाट्याने होते. पुढे ती मंदावते, पण थांबतेच असं नाही. मेलेल्या पेशी बहुतेक परत येत नाहीत. उरलेल्या मात्र नवे जोड बांधतात, आणि तेही पुन्हापुन्हा केलेल्या हालचालींतून.

ब्रिटिश नौकानयनपटू जेम्स क्रॅकनेल यांना २०१० मध्ये अमेरिकेत सायकलवर असताना टँकरच्या आरशाचा तडाखा बसला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. २०१९ मध्ये, ४६व्या वर्षी, ते केंब्रिजकडून ऑक्सफर्डविरुद्धची बोट रेस जिंकले. अर्थात ते मुळातच ऑलिंपिक विजेते, सगळ्यांना तो मापदंड लावू नये. नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी पॅरा-अॅथलेटिक्समध्ये मेंदूच्या इजेमुळे तोल किंवा स्नायूंवरचा ताबा गेलेल्यांचे वेगळे गट आहेत. व्हीलचेअरवर बसून खेळायचा बोचिया, म्हणजे लक्ष्य-चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू टाकायचा खेळ, तर आहेच.

डोक्याला पुन्हा मार बसेल असे खेळ, उदाहरणार्थ बॉक्सिंग, मात्र टाळलेलेच बरे. फिट येत असेल तर एकट्याने पोहणं नको. आणि सुरुवात डॉक्टर-फिजिओला विचारूनच.