ताप गेला, छाती अजून आजारीच

वेचणीच्या दिवसांत न्यूमोनिया झालेल्या माणसाचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो आणि लगेच तो वावरात दिसतो. ‘ताप नाही ना आता, मंग घरी काऊन बसू?’ हा त्याचा प्रश्न वाजवीच आहे. फुटलेला कापूस थांबत नाही आणि रोजी बुडते ती वेगळीच. पण ताप जंतूंशी चाललेल्या झुंजीचा. झुंजीत फुप्फुसाची जी पडझड झाली, तिची दुरुस्ती थर्मामीटरवर दिसत नाही. डॉक्टरांचा ढोबळ अंदाज असा: ताप आठवड्यात जातो, छातीतलं दुखणं आणि बेडके चारेक आठवड्यांत बरेच कमी होतात, खोकला आणि दम सहा आठवड्यांत. थकवा मात्र तीन महिन्यांपर्यंतही रेंगाळतो.

एवढा वेळ का? श्वासनलिकांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. सेकंदाला १० ते २० वेळा ते हलतात आणि वाऱ्यावर गहू डोलावा तशी त्यांची लाट कफाचा थर घशाकडे सरकवत नेते. धूळ आणि जंतू त्या कफात अडकून वर येतात, आपण ते नकळत गिळून टाकतो. फ्लूमागून न्यूमोनिया झाला असेल, तर फ्लूच्या विषाणूने नेमक्या या केसाळ पेशी मारलेल्या असतात. त्या पुन्हा उगवायला काही आठवडे जातात. तोवर सफाईचा सगळा भार एकट्या खोकल्यावर पडतो, म्हणून बेडके पडत असताना खोकला दाबणारं औषध मनानेच घेऊ नये.

या दुरुस्तीत आपल्याकडचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे चूल. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून घरोघरी सिलिंडर आले खरे, पण आंघोळीचं पाणी अजून पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांवरच तापतं. त्या धुरातले बारीक कण थेट खोल फुप्फुसापर्यंत पोचतात, सूज वाढवतात आणि उरलेल्या केसांची हालचालही मंद करतात. आजारी माणसाची बाज चुलीपासून लांब, खेळत्या हवेत हवी. आजारी घरची बाईच असेल, तर महिनाभर चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवावी. औषधाच्या चिठ्ठीवर हे कुणी लिहीत नाही; लिहायला पाहिजे. बाळाला दिली जाणारी ओव्याची धुरीही शेवटी धूरच. सोयाबीन काढणाऱ्या मळणीयंत्राच्या धुळीजवळ तर या काळात फिरकूच नये.

दिवसभर उताणं पडून राहणंही बरं नाही. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणं झोपलं की हृदयाचा नि पोटाचा भार त्यावरच येतो. कोरोनाच्या काळात पालथं झोपायला सांगत होते, त्यामागचं कारण हेच. उशीला टेकून बसावं, कूस बदलत राहावं. नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडावा. त्याने बारीक नलिका मिटत नाहीत, अडकलेली हवा बाहेर पडते. कफ चिकटून बसला असेल तर खोल श्वास घेऊन दोन-तीन क्षण रोखावा आणि तोंड उघडं ठेवून जोरात ‘हाऽ’ करत सोडावा. मग चालणं: आधी अंगणात, पुढे पारापर्यंत. चालता चालता एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर तिथेच बसावं.

वाफेने बरं वाटतं, पण जंतू मरत नाहीत. लेकरांच्या बाबतीत तर उकळत्या भगोण्याने भाजण्याचीच भीती जास्त. कफ पातळ राहायला पोटात पाणी, वरण, कढण जायला हवं. झिजलेल्या स्नायूंना डाळ, अंडी, चणे लागतात, तेव्हा ‘थंड’ म्हणून निम्मं जेवण बंद करणारं पथ्य मला काही पटत नाही. चमचाभर मध खोकल्याला चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र अजिबात नाही.

लहान मुलांना दुकानातून आणलेलं सिरपही नको. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी सिरपने दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. मुलांच्या छातीतला आजार किती खोल गेलाय हे श्वास मोजून कळतं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरी थांबू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अंक न येणाऱ्या दायांसाठी याच मोजणीचं मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

मोठ्यांमध्ये ओठ निळसर होणं, बसल्या जागी धाप लागणं, बोलण्यात बरळ येणं, रक्त पडणं किंवा गेलेला ताप परतणं ही धावपळीची वेळ. १०८ ला फोन लावावा. ऑक्सिमीटर ९४च्या खाली दाखवत असेल तर बोट चोळून गरम करा, नखावरची मेंदी-पॉलिश बघा आणि पुन्हा लावा; आकडा तोच राहिला तर दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर आशाताईंना सांगून थुंकी तपासून घ्यावी, कारण क्षयरोगही असाच खोकत येतो. आणि पन्नाशीपुढच्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाने सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा. न्यूमोनियाच्या डागाआड कधी कधी गाठ लपलेली असते.